एकास अठ्ठेचाळीस

दर गुरुवारी बँड क्लबच्या माडीवर,
ट्रॉम्बोनच्या पेट्या भिंतीशी सरकवून,
आम्ही सहा जण विमानं बांधतो.
खाली तालीम चालू असते, फेस्ताच्या मार्चची.
ढोल पडला की टेबल हलतं
आणि चेन्सुचा हात, जो बंदरात चाळीस वर्षं
क्रेनच्या दांड्यावर कधी हलला नाही,
वैमानिकाच्या भुवईवरून घसरतो.
मग तो एका संताचं नाव घेतो,
भक्तीने नव्हे.

मी गोदीत रंगारी. दिवसा
तेलवाहू जहाजाच्या पोटाखाली उभा राहून
बादलीबादलीने लाल फासतो.
गुरुवारी तीन केसांचा ब्रश, श्वास रोखून.
बायको म्हणते, घराच्या दाराला मात्र
सहा वर्षं पोपडे आलेत.
खरं आहे तिचं.

भांडण एकच, आणि जुनं.
बेचाळीसच्या वसंतात
विमानवाहू जहाजावरून उडून जी माल्टात उतरली,
ती वाळवंटी रंगावर घाईघाईत
नेमका कुठला निळा फासून आली?
चेन्सु म्हणतो, करडट. विस्तिन म्हणतो, शाईसारखा.
एका कृष्णधवल फोटोवर भिंग धरून
दोन बाप्ये चाळीस दिवसांचा अख्खा उपास
एकमेकांशी बोलले नाहीत.
मी अकरा निळे कालवले,
जुन्या चमच्यांवर फासून खिडकीत वाळत ठेवले.
अकरावा फार सुंदर झाला.
म्हणूनच खोटा असणार.

शेवटी विस्तिन आपल्या आईलाच घेऊन आला.
ग्रेझ्या, नव्वदीला टेकलेली.
दोन जिने, वळणावळणावर एक शिवी.
खुर्चीत टेकली, आमची विमानं पाहिली,
कोळंबी निवडताना पाहावी तशी.
“एवढं बारीक काम, आणि खाता येत नाही.”

आम्ही चमचे मांडले. यातला कुठला?

ती म्हणाली, मी वर कधी पाहिलंच नाही.
मी खाली. खडकात खोदलेल्या भुयारात,
सात वर्षांची. भिंतीला पाणी सुटायचं
आणि माझ्या पाठीलाही.
विमान म्हणजे आवाज,
आणि मग आईचा पंजा माझ्या डोक्यावर.
रंग विचाराल तर पिवळट. दगडाचा.

मग पिशवीतून तिनं एक झाकण काढलं.
वाटोळं, जरासं वाकडं, मध्ये लाकडी गुंडी.
एक पडलं होतं शेतात. भाऊ आणि मी
अंधारल्यावर गेलो. पत्रा अजून गरम.
पत्रेवाल्यानं कापून दिलं, दोन अंडी घेऊन.
ही कडेची भोकं बघा, रिव्हेटची,
यांतून वाफ जाते. इतकी वर्षं झाली,
एकदा काही उतू गेलं नाही.

विस्तिननं ते खिडकीपाशी धरलं.
आरशासारखं.
आई, यावरचा रंग?

“घासून काढला, राखेनं. पहिला महिनाभर
सूपमध्ये उतरायचा.
प्यायलो.”

चेन्सुनं कॅलिपर बाहेर काढला होता.
भोकांमधलं अंतर मोजलं की कळतं
विमान आपलं, की त्यांचं.
त्यानं अगदी हळू विचारलं,
कुणाचं होतं, आठवतं?

“आमच्याकडे झाकण नव्हतं,” ती म्हणाली.

खाली तालीम थांबली होती.
कुणीतरी कॉर्नेटमधली थुंकी झटकत होतं.
चेन्सुनं कॅलिपर उघडला, मिटला,
खिशात ठेवला.

माझं विमान मी मे महिन्यात संपवलं.
अकरावाच निळा. डाव्या पंखाच्या मुळाशी
नखाएवढी जागा रुपेरी सोडली,
घासल्यासारखी.
स्पर्धेत परीक्षकांनी लिहिलं, रंगकाम अपूर्ण,
आणि तीन गुण कापले.
वाद घालायला तोंड उघडलं होतं मी,
पण मग चहा आला.

त्या रात्री झाकण तिनं परत नेलं.
आम्ही म्हटलं, राहू दे आठवडाभर,
फोटो काढतो, मापं घेतो.
“उद्या शुक्रवार,” जिन्यावरून आवाज आला,
“माशांचं सूप आहे.
भांड्यावर काय ठेवू, तुमची टोपी?”